डाव्या दाराचा पोचा

ठोकलेली गाडी पत्रेवाल्या मास्तरांपुढे आणून उभी करायची आणि गप्प राहायचं, एवढं गिऱ्हाइकाने केलं तरी पुरे. पण गिऱ्हाईक गप्प राहत नाही. "गाडी उभी होती हो, कुणीतरी येऊन ठोकून गेलं," असं ते सांगतं. मास्तर मान डोलावतात. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवतात आणि तेवढ्यात त्यांना कळलेलं असतं की गाडी उभी नव्हती, चांगली साठच्या वेगात होती, ब्रेक उशिरा लागला आणि समोर होता तो विजेचा खांब. खांब काही येऊन ठोकून जात नाही. पण मास्तर तसं बोलत नाहीत. "कधी हवी?" एवढंच विचारतात.

हा त्यांच्या शेडचा नियम होता. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ते पत्रा ठोकायला शिकले, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की गिऱ्हाइकाला 'कसं झालं' हे कधी विचारायचं नाही. विचारलं की तो खोटं बोलतो, खोटं बोलला की त्याला लाज वाटते आणि लाज वाटली की पुढच्या वेळी तो दुसऱ्याकडे जातो. मास्तरांनी तीस वर्षं हा नियम पाळला. शेडमध्ये त्यांच्यासोबत एक पेंटर होता. मास्तरांनी पोचा काढायचा, पेंटरने रंग मारायचा, आणि दोघांनी मिळून काही झालंच नव्हतं असं करून द्यायचं. दोघांचा हात इतका साफ, की गाडीचा मालक स्वतः बोट ठेवून जागा शोधायचा आणि चुकीच्या जागी ठेवायचा.

माणूस कामावरचं सामान घरी नेत नाही, पण सवयी नेतोच. मास्तरांनी हा नियम घरी नेला, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

त्यांना एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा दोन्ही तळहातांत मावेल एवढी होती म्हणून मुंगी म्हणू लागले. आता ती आईपेक्षा वीतभर उंच झाली होती आणि नाव ऐकून चिडायची, पण नाव काही सुटलं नाही. मुंगीला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि दोन महिन्यांत तिने परवाना काढला. घरातली छोटी गाडी मास्तरांनीच शिकवली. चार आठवडे रोज सकाळी तिच्या डाव्या बाजूला बसून, एक हात हँडब्रेकवर ठेवून.

या चार आठवड्यांत मास्तरांनी एक हुशारी केली. शेजारच्या सीटवर पट्टा न लावता बसलं की गाडी टुं-टुं करून कान खायची. पट्टा लावला तर हँडब्रेक पटकन ओढता येत नाही, असं मास्तरांचं म्हणणं, आणि पोटावर काचतो हे न सांगितलेलं म्हणणं. मग त्यांनी भंगारात गेलेल्या एका गाडीच्या कापलेल्या पट्ट्याची लोखंडी जीभ तेवढी काढून आणली आणि खाचेत खटकन बसवली. गाडीला वाटलं पट्टा लागला. ती गप्प झाली. "तू मात्र तुझा लावायचा हं," असं लेकीला बजावून मास्तर मोकळे बसायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. शिकवणं संपलं, ते उठले, जीभ खाचेत तशीच राहिली.

परवाना हातात आला आणि मुंगी एकटी गाडी काढायला लागली, तसा मास्तरांचा जीव टांगणीला लागला. ज्याने तीस वर्षं ठोकलेल्याच गाड्या पाहिल्या त्याला न ठोकलेली गाडी डोळ्यांपुढे आणताच येत नाही. लेक गल्लीच्या टोकाला वळली की यांना समोर बोनेटची घडी दिसायची. मग हातोडी खाली ठेवायची आणि फोन लावायचा. "कुठे आहेस?" दहा मिनिटांनी परत, "पोचलीस का?" उचलला नाही की लगेच दुसरा, मग तिसरा. तिने उचलला की हातोडी पुन्हा हातात यायची. उचलला म्हणजे जिवंत आहे, सुखरूप आहे. पुढे विचार करायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

पेंटर म्हणायचा, "मास्तर, तिला गाडी दिलीत की तुमच्या फोनला चाकं लावलीत?"

"तुला मुलगी असती म्हणजे कळलं असतं."

"मला दोन आहेत."

"त्या चालवतात का?"

"माझं डोकं चालवतात," पेंटर म्हणायचा आणि मास्क नाकावर ओढून कामाला लागायचा.

पहिला पोचा दुसऱ्याच आठवड्यात आला. मुंगी घरी न जाता सरळ शेडवर आली. रडून नाक लाल झालेलं, मागच्या दाराला फाटकाचा खांब घासलेला. मास्तरांना तिची दया आली आणि, खरं सांगायचं तर, छाती थोडी फुगलीसुद्धा. बापाला जे येतं ते शेवटी लेकीच्या कामाला आलं. "रडतेस कशाला? आईला कळायच्या आत करून देतो," ते म्हणाले. कसं झालं हे विचारलं नाही. दोन तासांत दार आरशासारखं झालं. दुसरा पोचा बंपरला आला तेव्हा ती रडली नाही, नुसती ओशाळली. तोही निघाला.

तिसरा शुक्रवारी आला. मुंगीने शेडच्या दारात गाडी लावली, किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, पार्किंगमध्ये उभी होती, कुणीतरी येऊन ठोकून गेलं. उद्या संध्याकाळपर्यंत होईल ना? परवा आम्ही चौघी धरणावर जाणार आहोत."

"कधी हवी?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"उद्या संध्याकाळी. सांगितलं ना आत्ता."

ती कॉलेजला निघून गेली. मास्तर किल्ली हातात धरून उभे राहिले. पेंटर दुसऱ्या गाडीला पॉलिश पेपर घासत होता, तो थांबला. गिऱ्हाइकाची ती जुनीच ओळ होती, शब्दाला शब्द, फक्त या वेळी ती त्यांच्या घरातून आली होती.

पोचा डाव्या बाजूच्या पुढच्या दाराला होता. मास्तरांनी डोळे मिटले आणि हात फिरवला. ओरखडा पुढून मागे गेलेला. सुरुवातीला उथळ, शेवटाकडे खोल. म्हणजे गाडी उजवीकडे वळत होती आणि वळता वळता तिचं अंग डावीकडे फेकलं गेलं. उंची गुडघ्याएवढी. नखाने खरवडलं तर पिवळा रंग निघाला. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर जे पिवळे दगड आहेत, त्यांचा. वेग पन्नासच्या खाली नसणार. आणि तिथून पुढे नव्वद किलोमीटरवर ते धरण, हमरस्ता, ट्रक, गाडीत चार पोरी आणि त्यांचं गाणंबजावणं.

त्यांनी दार उघडलं. आतल्या बाजूला हात टेकायचं प्लॅस्टिक तडकलं होतं. दगड बाहेर होता, तडा आत होता. इथे कुणीतरी बसलेलं होतं आणि ते माणूस खांद्यानिशी दारावर आदळलं होतं. पट्टा असता तर आदळलं नसतं. मास्तरांनी खाचेकडे पाहिलं. त्यांची लोखंडी जीभ तिथे ऐटीत बसली होती.

त्या दिवशी हातोडी उचललीच गेली नाही. उचलायचे, ठेवायचे, बाहेर जाऊन चहा सांगायचे, आलेला चहा निवू द्यायचे. कोण बसलं असेल? कुठली मैत्रीण? तिच्या आईबापांना ठाऊक आहे का? घरी गेले तर बायको शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसली होती. ती घरीच शिवणकाम करायची आणि तयार गठ्ठे दुकानात पोचवायची. डावा खांदा दाबत म्हणाली, "कालपासून हात वर जात नाही हो. मशीनने जीव घेतला." मास्तरांनी मलमाची ट्यूब काढून दिली आणि पुन्हा येरझाऱ्या घालायला लागले.

"पायाला भिंगरी लागली का तुमच्या? बसा की."

"बसतो," म्हणाले, आणि बसले नाहीत.

शनिवारी दुपारपर्यंत गाडी होती तशीच उभी. पेंटरने रंग कालवून ठेवला होता, त्यावर साय धरायला लागली. शेवटी तो मास्क काढून समोर येऊन बसला.

"मास्तर, पोचा काढणार आहात का त्याच्याकडे बघून रडणार आहात?"

"ती खोटं बोलली रे माझ्याशी."

"सगळेच बोलतात. आपण त्याच्यावर तर पोट भरतो."

"ही माझी मुलगी आहे."

"मग गिऱ्हाइकासारखं काय वागवता? विचारा की."

मास्तरांनी किल्ली उचलली आणि पोचा होता तसाच ठेवून गाडी घरी नेली.

घरी दोघी मशीनच्या खोलीत होत्या. मुंगी शर्टांना बटणं लावत होती. तिने खिडकीतून गाडी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"झाली नाही?"

"नाही." मास्तर दारातच उभे राहिले. गेल्या तीस वर्षांत जो प्रश्न त्यांनी एकाही माणसाला विचारला नव्हता, तो तोंडात जड झाला. "मुंगे, कसं झालं?"

"सांगितलं ना, पार्किंगमध्ये—"

"टाकीच्या वळणावर झालं. उजवीकडे वळताना. वेग पन्नासच्या वर होता आणि डावीकडे कुणीतरी बसलेलं होतं. ते मी वाचलं. मला पत्र्याने सांगितलं, आता तू सांग. कोण होतं शेजारी? त्या पोरीला लागलंय का?"

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने हातातला शर्ट खाली ठेवला.

"पोरगी कसली," बायको म्हणाली, "मी होते."

मास्तरांची नजर तिच्या खांद्यावर गेली. मलमाचा वास खोलीभर होता. कालपासून होता. दुसऱ्याच्या गाडीचा तडा बघून आत बसलेल्या माणसाचं वजन सांगणारा हा माणूस, घरातल्या बाईच्या खांद्यावर मलम देऊन मोकळा झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तू? आणि मला दोघींनी—"

"मीच सांगितलं तिला बोलू नको म्हणून. गुरुवारी गठ्ठे पोचवायला चाललो होतो. मलाच घाई होती, चल चल मीच करत होते. माझ्यावर ओरडा हवं तर."

"तुझ्यावर कशाला ओरडू? गाडी ती चालवत होती. मुंगे, वळणावर लक्ष कुठे होतं तुझं?"

मुंगी बोटांत बटण फिरवत राहिली.

"राहू दे ना आता," बायको म्हणाली. "झालं ते झालं."

"राहू दे कसं? तेच तर करत आलो इतके दिवस. लक्ष कुठे होतं?"

"फोन वाजला," मुंगी म्हणाली.

"आणि तू उचललास? वळणावर? कुणाचा एवढा महत्त्वाचा फोन होता?"

आता मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज सरळ होता. "तुमचा, बाबा. आधीचे दोन उचलले नव्हते. तिसरापण नाही उचलला तर तुम्ही घाबरता. म्हणून उचलला."

मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि मागे मागे सरकवत गेले. गुरुवार, अकरा वाजून सहा मिनिटं. अकरा आठ. अकरा नऊ. शेवटच्यापुढे लिहिलं होतं, चार सेकंद. त्यांना ते चार सेकंद स्वच्छ आठवले. "बाबा, नंतर करते," एवढंच ती म्हणाली होती, आणि त्यांनी समाधानाने हातोडी उचलून पेंटरला सांगितलं होतं, "बघ, उचलला. ठीक आहे ती."

"म्हणून सांगत नव्हते," बायको हळू म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घ्याल. आणि ते मागचे दोन पोचेही मला ठाऊक आहेत बरं का. तुमच्या पेंटरचा रंग कितीही साफ असला तरी दार एवढं चकचकीत कधीपासून झालं, हे न कळायला मी काय आंधळी आहे? म्हटलं बापलेकीचं गुपित आहे, राहू दे. तुम्ही माझ्यापासून लपवलंत, मी तुमच्यापासून. आणि ही मधे बसून दोघांकडून शिकली."

मास्तर बाहेर गेले आणि गाडीत डावीकडे बसले. तडकलेल्या प्लॅस्टिकवर हात ठेवला. ती जीभ ज्या गाडीतून आणली होती ती त्यांना आठवली. पुढचा भाग पार चेपलेला, आणि पट्टा चाकूने कापलेला. आतल्या माणसाला बाहेर काढताना कापावा लागला होता. माणूस वाचला होता, स्वतःच्या पायांनी चालत शेडवर आला होता गाडीतले कागद न्यायला. त्याला वाचवणाऱ्या पट्ट्याची जीभ काढून आणून मास्तरांनी आपल्या बायकोच्या सीटला बसवली होती. त्यांनी खाचेतून जीभ उपटली आणि किल्ली फिरवली, तशी गाडी बोंबलायला लागली. टुं टुं टुं. मुंगी बाहेर आली तरी त्यांनी ती बंद केली नाही.

"बाबा, पट्टा लावा ना. बंद होईल."

त्यांनी मागे हात नेऊन पट्टा चाचपला. इतके दिवस वापर नसल्याने तो आकसून बसला होता, ओढला तरी येईना. मुंगीने वाकून ओढून दिला. खटका लागला आणि गाडी गप्प झाली.

धरणाचा बेत मुंगीने स्वतःच मोडला. मग तिघांनी बसून बोलणी केली. ती काही शांततेत झाली नाहीत, दोनदा तर मुंगी उठून गेली. महिनाभर आईबापांपैकी एकाने शेजारी बसायचं, आणि टाकीचं वळण रोज एकदा घ्यायचंच. पुढेही मैत्रीण एकच, गाडीभर नाही. फोन बंद करून मागच्या डिकीत. मुंगीने सगळं कबूल केलं आणि म्हणाली, "आता माझी एक अट. मी गाडीत असताना तुम्ही फोन करायचा नाही. पोचल्यावर मी करीन."

"फोन डिकीत असेल तर मी केला काय, नाही केला काय?"

"मला माहीत असतं ना, तुम्ही करताय ते."

मास्तरांनी मान डोलावली.

पोचा काढायचा नाही, हेही ठरलं. ते मात्र मास्तरांनी ठरवलं. शहरातल्या नामांकित पत्रेवाल्याची गाडी चेपलेल्या दाराने शेडसमोर उभी राहायला लागली. गिऱ्हाइकं दाराकडे पाहायची, मग मास्तरांकडे. पेंटर सांगायचा, "तो नमुना आहे, बघून घ्या."

सहा आठवड्यांनी एका रविवारी मुंगी एका मैत्रिणीला घेऊन धरणावर निघाली. निघताना दोन्ही पट्ट्यांचे खटके मास्तरांनी कानाने मोजले. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, पोचा उन्हात चमकला आणि दिसेनासा झाला. सव्वाआठ वाजले होते. दोन तासांचा रस्ता.

रविवार असूनही मास्तर शेडवर गेले. पेंटरही आला, का आला ते त्याने सांगितलं नाही. मास्तरांनी आपला फोन त्याच्या रंगाच्या पेटीत ठेवायला दिला आणि पेटीला कुलूप लावायला सांगितलं. साडेनऊपर्यंत त्यांनी शेड दोनदा झाडली. पावणेदहाला खिशात हात घातला, फोन नव्हता. दहाला पुन्हा घातला. सव्वादहा झाले. साडेदहा झाले.

"किल्ली दे."

"नाही," पेंटर म्हणाला.

"अरे, दोन तास होऊन गेले. वर पंधरा मिनिटं."

"तीन वेळा लावाल. मग चौथ्यांदा."

"एकदाच लावतो."

पेंटरने किल्ली मुठीत धरली आणि मूठ मांडीखाली घेऊन बसला. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले. भांडायला शब्द शोधत होते. पावणेअकरा झाले. त्यांना पिवळे दगड दिसत होते, आणि त्यापुढचं सगळं. त्यांनी जवळची हातोडी उचलली, कुठलाही पत्रा नसताना, आणि नुसती हातात धरून बसले.

अकराला सात मिनिटं असताना पेटीच्या आत फोन वाजला. पेंटरच्या हातून किल्ली दोनदा घसरली. मास्तरांनी त्याच्या हातून पेटी जवळजवळ हिसकावली.

"बाबा, पोचले. गाडी बंद केली, खाली उतरले, मग फोन काढला. उशीर झाला कारण मी सावकाश आले. किती ट्रक होते माहितेय?"

पेंटर मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांनी त्याला बोटाने ठीक आहे अशी खूण केली आणि उलट्या डब्यावर बसले.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," मास्तर म्हणाले. "कसं झालं गं जाणं? सगळं सांग."

ती सांगू लागली. एका ट्रकने हूल दिली तेव्हा मी घाबरले, एका उतारावर ब्रेक जरा उशिरा लागला, तेव्हा कडेला थांबून दहा मिनिटं पाणी प्यायलो. यातलं काहीही तिने न सांगितलं असतं तर त्यांना कधीच कळलं नसतं, कारण गाडीवर त्याची एकही खूण नव्हती. मास्तरांनी हातोडी खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.